सत्तावीसचे अठ्ठावीस

तोंडी गणिताचे पेपर तपासायला फार वेळ लागत नाही. मी प्रश्न तोंडी सांगतो, मुलं फक्त उत्तर लिहितात. वीस प्रश्न, वीस उत्तरं, एकेका पेपरला जेमतेम अर्धं मिनिट. त्या बुधवारी तिसरा तास मोकळा होता म्हणून सहावीचा गठ्ठा घेऊन बसलो आणि एका पेपरवर अडलो.

ती मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत असते, तोंडी गणितात मात्र कायम काठावर. या वेळी 20पैकी 9. मला त्याचं काही नवल वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो. मागच्या सत्रात तिच्या प्रगतिपुस्तकात मीच शेरा मारला होता, ‘तोंडी कामात लक्ष कमी. एकाग्रता वाढवावी.’ अक्षर मात्र छान आलं होतं.

साठ भागिले चार याचं उत्तर तिने 2 लिहिलं होतं. 15च्या जागी 14 असतं, तर फुली मारून पुढे गेलो असतो. पण 2? दशांश अपूर्णांकांचे भागाकार न अडखळता करणारी मुलगी साठाला चाराने भागून दोन कसे आणते?

तोंडी गणितात कच्चं काम करायचं नाही, असा माझा दंडक. तिने तो मोडला होता. समासात इतक्या बारीक पेन्सिलने आकडे टिपले होते की मला दिसूच नयेत. चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिथे होतं, 8 ÷ 4.

मग एकेक चूक उलगडत गेलो. सत्तावीस अधिक पंधरा, उत्तर 43, समासात 28 + 15. सतरा चोक, उत्तर 72, समासात 18 × 4. शंभरातून सदतीस गेले, उत्तर 62, समासात 100 − 38. सहा नव्वे, उत्तर 90, समासात 10 × 9. तिचा एकही हिशेब चुकलेला नव्हता. तिने सोडवलेला पेपरच वेगळा होता.

शिक्षक-खोलीत कोणी नव्हतं. मोठ्याने म्हणून पाहिलं, सत्तावीस. आता सुरुवातीचा ‘स’ गाळून, अत्तावीस. असा आकडा मराठीत नाही, मग कान जवळात जवळचं धरतो, अठ्ठावीस. सतराचे अठरा. सदतीसचे अडतीस. सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याण्णव, साताच्या घरातले झाडून सगळे एकेक पायरी वर चढून आठाच्या घरात जाऊन बसतात. साठ तर सरळ आठच. 22 वर्षं गणित शिकवतोय, पण आपल्या सात-आठांच्या मध्ये एवढा एकच ‘स’ उभा आहे, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

‘सोळाची निमपट’ तिने बरोबर लिहिली होती. ‘ओळा’ला दुसरं भावंडच नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही. ‘सत्तरची निमपट’ मात्र कोरी सोडली होती. त्याचं कारण दुपारी कळलं.

आठवड्यातून एकदा, बुधवारी, एक विशेष शिक्षिका आमच्याकडे येतात. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेलो. आपण काहीतरी शोध लावलाय असा माझा आविर्भाव असणार. बाईंनी समासातले आकडे पाहिले, काही न बोलता फाइलमधून मुलीचा ऑडिओग्राम काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “सर, हा आलेख आहे. वाचा. तुम्ही गणिताचे.”

डावीकडून उजवीकडे आवाज जाड ते बारीक असे मांडलेले. वरून खाली, ऐकू यायला तो किती मोठा करावा लागतो ते. मुलीची रेषा डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे सरकताना कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. आ, ई, ऊ यांचा बराचसा जोर डावीकडे असतो. ‘स’ची सळसळ पार उजव्या टोकाला, 4000 हर्ट्‌झच्या वर, आणि तीही नाजूक. स्वर आवाजाला ताकद देतात, शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांनी. म्हणून तिला बोलणं ऐकू येतं, पण त्याचे कोपरे झिजलेले असतात. बाई म्हणाल्या, “बोलतानाही पाहा. ‘तू आलीस का’ म्हणत नाही, ‘तू आली का’ म्हणते.” मी ते घरच्या बोलीचं समजत होतो.

“पण मशीन लावलंय ना?” मी विचारलं. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येत असणार, ही माझी समजूत. बाई म्हणाल्या, “चला वर्गात. मुलगी, तुम्ही आणि मी.”

सहावीचा खेळाचा तास होता, वर्ग रिकामा. बाईंच्या पिशवीत भरतकामाची एक लाकडी रिंग होती, तिच्यात पातळ काळं कापड ताणून बसवलेलं. बोलताना ती तोंडापुढे धरायची. ओठ दिसत नाहीत आणि आवाज आरपार जातो. हाताने तोंड झाकलं तर नेमका ‘स’च अडतो, म्हणून ही युक्ती. मग आ, ऊ, ई, म, श, स असे सहा आवाज, क्रम बदलून. डॅनियल लिंग नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ही चाचणी बसवली. बोलण्यातल्या जाड्याभरड्यापासून अगदी बारीक आवाजांपर्यंतचा सगळा पट्टा या सहांत येतो आणि मोजून एका मिनिटात काम होतं.

मी मुलीपासून एक मीटरवर उभा राहिलो, पंखे बंद. तिने सहाही आवाज बिनचूक परत म्हटले. ‘स’सुद्धा. मला वाटलं, झालं, बाई हरल्या. त्यांनी मला फळ्याशी पाठवलं. ‘स’वर ती थांबली, मग अंदाजाने म्हणाली आणि तो बरोबर निघाला. मग बाईंनी पंखे लावले. “स,” मी म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली. पुन्हा, “स.” तिने बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, “सरांनी सुरू केलं का?”

कान तोच, मशीन तेच. फरक होता पाचेक मीटरचा आणि चार पंख्यांचा. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. वर्गात भिंती थोडा परत देतात, पण ते देणं घुमून, एकात एक मिसळून येतं. पंख्याची घरघर कुठेही बसा, तेवढीच. बाई सांगत होत्या, शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटाहून निदान 15 डेसिबल वर हवा. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी मानक आहे. त्यात साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या आत आणि घुमण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत असावा असं म्हटलंय. मी फोनवरच्या ॲपने मोजलं, नुसत्या पंख्यांचे 54. ॲपवर विश्वास किती ठेवायचा तो तुम्ही ठरवा.

मग बाईंनी स्टेटोक्लिप काढली. डॉक्टरांच्या नळीसारखीच दिसते, फक्त टोकाला चकतीऐवजी श्रवणयंत्र अडकवायची सोय. रोज सकाळी मशीन चालू आहे का, सेल उतरलाय का, कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत घामाचा थेंब अडकलाय का, हे तपासायला असते. मुलीने डाव्या कानातलं यंत्र काढून दिलं. मी नळ्या कानात घातल्या.

पहिल्यांदा आला तो पंखा. रोज डोक्यावर फिरतो, मला कधी ऐकू येत नाही, कारण माझा मेंदू तो बाजूला ठेवतो. आता तो कानात फिरत होता. माझ्या हाताखाली पेपर सरकला तर पत्रा फरफटल्यासारखं झालं. मागच्या दारातून कोणीतरी खुर्ची ओढली आणि मी दचकलो. आणि या सगळ्याच्या पलीकडे, फळ्याशी, पाठ करून उभ्या बाई घोंगडीतून बोलल्यासारखं काहीतरी बोलत होत्या. वाक्याची चाल कळत होती, शब्द नाही.

नळ्या काढल्यावर बाई म्हणाल्या, “सर, हे फक्त मशीनला काय ऐकू येतं ते झालं. तिचा कान यातून पुन्हा गाळतो.”

मुलगी यंत्र कानात बसवत होती. मी तिला विचारलं, आणि खरं सांगायचं तर जरा चिडूनच विचारलं, “अगं, ऐकू आलं नाही तर हात वर करायचा ना! मी काय खातो का तुला?”

ती म्हणाली, “सर, ऐकू आलं होतं. अठ्ठावीसच ऐकू आलं.”

यावर मी काय बोलणार? ऐकू न येणं म्हणजे शांतता, तिथे कोरी जागा राहते आणि कोरी जागा माणसाला कळते, असं मी गृहीत धरून चाललो होतो. तिच्या कानात कोरी जागा नव्हतीच. तिथे खणखणीत अठ्ठावीस होतं.

“मग सत्तर का सोडलंस?”

“मला ‘अत्तरची निमपट’ ऐकू आलं. अत्तर गणितात कसं येईल? म्हणून सोडलं.” आणि हसली. बाईही हसल्या. मीही हसलो, पण थोड्या उशिराने.

आमच्या शाळेला उतार आहे, अगदी नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांब, दोन्ही बाजूंना कठडे. पाहुणे आले की त्याचा फोटो काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम 24 शिक्षणाचं आहे, हे प्रशिक्षणात माझ्याकडून पाठ करून घेतलंय. शाळा सर्वसमावेशक आहे का, या रकान्यात मी स्वतः ‘होय’वर खूण केलेली आहे. आणि मी तोंडी गणित घेतो वर्गात फेऱ्या मारत. निम्मे प्रश्न मागच्या बाकांशी उभं राहून, तिच्या पाठीमागून.

जागासुद्धा चुकली होती. पहिल्या बाकावर बसवलं की झाली सोय, असं मला वाटायचं. पण तिथून तिला बाकीच्यांचे चेहरे दिसत नाहीत. कोणी उत्तर दिलं, कोण हसलं, का हसलं, सगळं पाठीमागे. शिवाय माझी उभं राहायची जागा खिडकीपुढची, त्यामुळे माझं तोंड तिला कायम काळोखात. वर माझी मिशी. ओठ वाचणाऱ्याला प, ब, म तसेही सारखेच दिसतात. पारा, बारा, मारा, नुसत्या ओठांवरून ओळखून दाखवा कोणी. त्यावर मी केसांचा पडदा लावला होता.

पुढचे काही आठवडे खटपटीचे गेले. मिशी कातरली, वर्गात त्यावर दोन दिवस चर्चा झाली. तिला दुसऱ्या रांगेत, कडेला, किंचित तिरकं बसवलं, खिडकी तिच्या पाठीशी आली आणि उजेड माझ्या तोंडावर. खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिस बॉल चिरून बसवले. आवाज झकास कमी झाला, पण चौथ्या दिवशी निम्मे बॉल मैदानावर सापडले. मग खाली नमद्याचे तुकडे चिकटवले. ते खेळायच्या कामाचे नाहीत. घुमण्याचं फारसं काही करता आलेलं नाही, मागच्या भिंतीला जाड सतरंजी टांगली आहे, थोडा फरक पडतो.

बाईंनी मिळवून दिलेला छोटा माईक मी गळ्यात अडकवतो. मी वर्गात कुठेही असो, आवाज थेट तिच्या यंत्रात. तो बंद करायला मी पहिल्याच आठवड्यात विसरलो आणि शिक्षक-खोलीच्या दारात पेपर तपासणीच्या कामावरून मनसोक्त कुरकुरलो. वर्गात परतलो तर ती इतक्या सहानुभूतीने पाहत होती की काय झालं ते लगेच कळलं.

सगळ्यात अवघड गेलं ते तोंडी गणितच. पहिला उपाय म्हणून मी तिच्यापुरती प्रश्नांची छापील चिठ्ठी काढली. तिने ती उलटी करून बाकावर ठेवली. “सगळ्यांना द्या नाहीतर मला नको, सर.” मला तेव्हा हा हट्ट वाटला. आता वाटत नाही. चिठ्ठी हातात आली की पाच मिनिटांत वर्ग म्हणणार, तिला सोपं दिलं.

शेवटी अंकांच्या मोठ्या पट्ट्या केल्या. प्रश्न म्हणायचा आणि त्याच वेळी आकडे हनुवटीखाली धरायचे. ओठ आणि आकडा एका नजरेत, सगळ्या वर्गाला सारखंच. क्रिया तोंडी, आकडेमोड मनातल्या मनात, त्यात काही सोपं झालं नाही. फेऱ्या बंद केल्या. प्रगतिपुस्तकातला शेरा खोडून खाली सही केली. मुख्याध्यापिका बाईंना खाडाखोड आवडत नाही, त्यांनी कारण विचारलं, तेव्हा पेपरच नेऊन दाखवला.

पट्ट्यांवरच्या पहिल्या परीक्षेत तिला 20पैकी 18 मिळाले. पेपर हातात देताना मी चुकलेल्या उत्तरांवर बोट ठेवलं. जुनी सवय, मी आधी समासात पाहिलं. समास कोरा होता. सात आठे किती, तर तिने 54 लिहिले होते.

“पट्टी नीट दिसली होती का? सात आणि आठ?”

“दिसली होती.”

“मग?”

तिने जीभ चावली. “हे माझंच, सर.”

मी लाल पेनाने चांगली ठळक फुली मारली आणि पाढा पाच वेळा लिहून आणायला सांगितला.