कशाचे मोल? वस्तुमानावरून अणू मोजताना
वस्तुमानावरून अणूंची संख्या काढण्याची रीत दोनच पायऱ्यांची आहे: ग्रॅममधील वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधील वस्तुमानाने, भागले की मोल (कणांच्या ठरावीक संख्येचे गठ्ठे) मिळतात आणि त्यांना ॲव्होगॅड्रो संख्येने, म्हणजे ६.०२२ × १०^२३ ने, गुणले की कणांची संख्या मिळते. अंकगणित इतके सोपे असूनही उत्तरे चुकतात, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण हे की मोजायचा कण कोणता हे ठरवण्याआधीच भागाकार सुरू होतो.

गंधकाचे उदाहरण घेऊ. ८ ग्रॅम गंधकाला ३२ ने, म्हणजे त्याच्या अणूंच्या मोलर वस्तुमानाने, भागल्यास पाव मोल, म्हणजे सुमारे १.५ × १०^२३ अणू मिळतात. परंतु सामान्य तापमानाला गंधकाचा रेणू आठ अणूंच्या कड्याचा असल्यामुळे रेणूंची संख्या याच्या एक अष्टमांश, सुमारे १.९ × १०^२२ भरते. त्यामुळे ‘८ ग्रॅम गंधकात किती मोल?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे.

मोरचूद याहून अधिक शिकवतो. त्याच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात आणि त्या सर्वांसह मोलर वस्तुमान सुमारे २५० भरते. म्हणून २५ ग्रॅम स्फटिकांत ०.१ मोल, म्हणजे ६.०२ × १०^२२ तांब्याचे अणू असतात. ऑक्सिजनचे त्याच्या नऊपट (चार सल्फेटमधले, पाच पाण्यातले) आणि हायड्रोजनचे दहापट. स्फटिकजल उडून गेलेली पांढरी पूड तेवढ्याच वजनाची घेतली, तर १६० ने भागावे लागते आणि तांब्याचे अणू ९.४ × १०^२२ होतात. बाटलीवरचे नाव अर्धवट वाचणाऱ्याचे उत्तर इथे दीडपटीहून अधिक चुकते.

१९७१ च्या व्याख्येत १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंइतके कण म्हणजे एक मोल होता. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०^२३ ही संख्याच अचूक म्हणून निश्चित झाली आहे. नेहमीच्या उदाहरणांच्या उत्तरांत याने फरक पडत नाही. मात्र मोल म्हणताना कण कोणता ते सांगावे, ही अपेक्षा दोन्ही व्याख्यांत आहे.

उत्तर तपासण्याची माझी सवय अशी: हायड्रोजनच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ६ × १०^२३ अणू असतात, तर युरेनियमच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २.५ × १०^२१. मधल्या कोणत्याही मूलद्रव्याच्या एका ग्रॅमचे उत्तर या पट्ट्याबाहेर गेले, तर भागाकाराच्या जागी गुणाकार झाला आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो.