लाल जास्वंदीचा फोटो का फसतो आणि कॅमेऱ्यात काय बदलायचं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जास्वंद नसलेली सोसायटी शोधावी लागेल. कंपाउंडच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीजवळ, नाहीतर गॅलरीच्या ग्रिलमध्ये कुंडीत ती असतेच. घरात नवा कॅमेरा आला की पहिले फोटो तिचेच निघतात, आणि बहुतेक फसतात. पाकळ्यांवरच्या शिरा गायब, कडेच्या चुण्या गायब, सगळं फूल प्लॅस्टिकसारखं एकसंध लाल. फोकस तपासावा तर बरोबर असतो.

कारण असं, की कॅमेरा एकूण उजेडाचा अंदाज घेतो आणि त्या हिशोबात लाल रंगाला वजन कमी असतं. नेहमीच्या एसआरजीबी रंगपद्धतीत उजळपणात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. गडद लाल फूल म्हणूनच कॅमेऱ्याला काळोखं वाटतं आणि तो उजेड वाढवतो. लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, तोवर २५५ या कमाल आकड्यावर जाऊन आपटलेला असतो. स्क्रीनवरचा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, मात्र मधोमध निवांत दिसतो. मेन्यूत जाऊन लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय सुरू करा आणि फक्त लाल बघा. तो उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे ०.७ करा, तरी चिकटला तर उणे १.

यासोबत दोन गोष्टी बदलायला हव्यात. ‘व्हिव्हिड’ पिक्चर स्टाइल काढून ‘न्यूट्रल’ लावा, कारण व्हिव्हिड लाल आणखी फुगवते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ‘डेलाइट’वर पक्का करा. ‘शेड’ किंवा ‘क्लाउडी’ लावलं की फोटो उबदार होतो, पण लाल लवकर भरून वाहतो. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढत असाल तरी लक्षात असू द्या, स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपीईजीवरून, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेल्या फोटोवरून, काढलेला असतो. किंचित चिकटलेला लाल रॉमधून बऱ्याचदा परत मिळतो. जेपीईजीमधून नाही.

आता फुलाच्या मधल्या लांब दांड्याकडे या. त्याच्या वरच्या भागावर पिवळे पुंकेसर आणि अगदी टोकाला पाच लाल मखमली टिकल्या असतात. हा दांडा पाकळ्यांच्या तळापासून चांगला ५ ते ८ सेंटिमीटर पुढे येतो. समोरून फोटो काढला तर टिकल्या तरी स्पष्ट येतात, नाहीतर पाकळ्या तरी. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर १२ सेंटिमीटरचं फूल चौकटीच्या उंचीत भरलं, तर एफ/४ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान) जेमतेम १ सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते, एफ/८ ला २ आणि एफ/१६ ला सुमारे ४. एफ/१६ ला बारीक तपशील मऊ पडायला लागतो तो वेगळाच. आकडा वाढवत बसण्यापेक्षा जागा बदला. फुलाच्या बाजूला या, दांडा सेन्सरला समांतर करा, एफ/८ लावा. दांडा पूर्ण स्पष्ट येतो आणि मागच्या पाकळ्या लाल पडद्यासारख्या विरघळतात. आमच्या मते जास्वंदीचा हाच कोन सर्वांत देखणा आहे.

फोकस एकाच बिंदूवर ठेवा आणि तो पुंकेसरांवर टेकवा. गुळगुळीत लाल पाकळीवर ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही. तो पुढेमागे धावतो आणि शेवटी मागच्या पानावर जाऊन थांबतो.

यानंतर वारा. दुपार झाली की खाडीकडची हवा सुटते. पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या इमारतींत ती जास्त जाणवते. फूल सेकंदाला ५ सेंटिमीटर इतकं हलकं डुललं, तरी वरच्याच चौकटीत १/२५० सेकंदाच्या शटरला ते २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सहा-सात पिक्सेल सरकतं. १/१००० ला दोनहून कमी. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही, ते हाताची थरथर थांबवतं, फांदीची नाही. झोका टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी फूल जवळपास स्थिर असतं. तिथे चार-पाच सलग फोटोंचा बर्स्ट मारला तर १/५०० ही पुरतं.

मोड मॅन्युअल, एफ/८, १/५००, आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) ऑटो. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ या जोडीवर कॉम्पेन्सेशनही चालतं. मोकळ्या सावलीत आयएसओ ८०० ते १००० च्या आसपास जाईल, उणे ०.७ केल्यावर ५०० ते ६४० च्या आसपास. त्याला घाबरू नका. थोडा दाणा चालतो, हललेलं फूल चालत नाही.

वेळ सकाळी सात ते साडेआठ. वारा पडलेला असतो आणि फूल नुकतं उमललेलं असतं. साधी लाल जास्वंद एकच दिवस टिकते. ठाण्यात उपवन तलावाजवळ येऊरचा डोंगर पश्चिमेला असल्याने संध्याकाळी मऊ सावली लवकर मिळते, पण तोवर पाकळ्या गळाठून मिटायला लागतात. शिवाय मंगळवारी आणि चतुर्थीला गणपतीसाठी फुलं पहाटेच तोडली जातात. माळीदादांना आदल्या दिवशी सांगून एखादी मोठी कळी राखून ठेवायला लावा. ऊन आलंच तर फुलावर वीतभर अंतरावरून ट्रेसिंग पेपर धरा आणि सावलीच्या बाजूने पांढरा कार्डशीट.

शटर दाबण्याआधी देठाजवळ एकदा निरखून बघा. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. डोळ्याला तो निसटतो, फोटोत ठळक येतो. गळालेले परागकणही पाकळीवर पिवळ्या रव्यासारखे दिसतात. ते असू द्या, पुसायला गेलात तर पाकळीवर डाग पडतो.

पांढऱ्या तगरीला हाच हिशोब उलटा. फूल चौकट भरत असेल तर अधिक ०.७ ते १, नाहीतर ते राखाडी येतं. तेच फूल छोटं आणि मागे गर्द पानं असतील तर उणे ०.७, कारण तेव्हा कॅमेरा पानांचा अंधार मोजत असतो.

मोबाइलवर दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स निवडा आणि दोन पावलं मागे या. खूप जवळ गेलात तर बरेच फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि फोनचीच सावली फुलावर पडते. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, मग उजेडाची पट्टी खाली ओढा, पाकळीच्या शिरा दिसेपर्यंत.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं. ते पुसू नका, लगेच पुन्हा येतं. खाली उतरण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद बॅगेतच एसी नसलेल्या खोलीत ठेवा आणि तोवर लेन्सही बदलू नका, नाहीतर तेच बाष्प आत सेन्सरवर धरतं.