आमची वाटचाल : आधी कागद, मग जाहिरात

पुण्याच्या कोथरूड आणि कर्वेनगर भागातील जुन्या सोसायट्यांमधील सदनिकांची फेरविक्री हे आमच्या छोट्या कार्यालयाचे मुख्य काम आहे. २०११ साली मी आणि माझ्या पत्नीने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा घर विकायचे म्हणजे रविवारच्या वर्तमानपत्रात तीन ओळींची छोटी जाहिरात द्यायची, ओळखीच्या दलालांच्या कानावर घालायचे आणि फोनची वाट पाहायची, अशी रीत होती. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे ‘२ बीएचके, मोक्याची जागा, त्वरित विकणे’ एवढेच छापले जाई. आता पोर्टलवर हवे तेवढे लिहिता येते. तरीही बहुतेक जाहिरातींत त्या तीन ओळींपलीकडे फारसे काही नसते, याचे मला नवल वाटते.

फेरविक्रीचे घर पाहायला येणाऱ्या माणसाला घर आवडणे हा व्यवहाराचा सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे सुरू होतो. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) विक्रेत्याच्या नावावर आहे का, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ती राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळाले होते का, जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे प्रश्न तो स्वतः विचारत नसला तरी त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील विचारतोच, आणि तिथे आठवडेच्या आठवडे गेले की खरेदीदाराचा उत्साह ओसरतो. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. मालकाकडून घराची किल्ली घेण्याआधी कागदांची फाइल घ्यायची, आमच्या वकिलांकडून ती तपासून घ्यायची, सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागवायचा आणि मगच जाहिरातीला हात घालायचा. ‘कागदपत्रे तपासलेली असून पाहण्यासाठी उपलब्ध’ या ओळीने आम्हाला जितके गंभीर खरेदीदार आणून दिले, तितके कुठल्याही विशेषणाने दिले नाहीत.

क्षेत्रफळाच्या बाबतीत रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने मोठी मदत केली. १ मे २०१७ पासून हा कायदा महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाला आणि चटई क्षेत्राची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची, एकच व्याख्या सर्वांपुढे आली. जुन्या खरेदीखतांत कुठे बिल्ट-अप (भिंतींसह) तर कुठे सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी यांच्या वाट्यासह) क्षेत्र लिहिलेले असते आणि मालकाच्या मनात तोच मोठा आकडा बसलेला असतो. आम्ही प्रत्येक खोली फीत लावून मोजतो, साधा नकाशा काढतो आणि जाहिरातीत चटई क्षेत्रच देतो. आकडा लहान दिसतो म्हणून काही मालक नाराज होतात. पण मोठ्या आकड्यावर भुलून आलेला माणूस पहिल्या खोलीतच मागे फिरतो, असा आमचा अनुभव आहे.

किंमत ठरवताना शेजाऱ्याने सांगितलेला भाव हा सर्वांत कच्चा आधार असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा सारांश, पाहता येते. त्याच रस्त्यावरील अलीकडच्या नोंदी आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मालकापुढे ठेवला की बोलणे जमिनीवर येते. तेच कागद आम्ही खरेदीदारालाही दाखवतो. यामुळे घासाघीस थांबत नाही, मात्र ती आवाक्यात राहते.

खरेदीदाराला एकूण खर्चाचा हिशेब पहिल्याच भेटीत लेखी देणे, ही आमच्या मते विक्रीची सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित पद्धत आहे. समजा सदनिका ८० लाखांची आहे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्के इतकी मर्यादा असल्याने कर्ज फार तर ६४ लाख मिळेल, म्हणजे १६ लाख स्वतःचे हवेत. पुणे शहरात मुद्रांक शुल्क उपकरांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जात धरली जात नाही. हातातले जवळपास २२ लाख लागणार, हे ज्याला विसार दिल्यानंतर कळते त्याचा व्यवहार मोडतो. खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे येथे ८० हजार वाचतात. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरायचा असतो, हेही त्याच कागदावर लिहिलेले असते. आपले बजेट ८० लाखांचे नसून ७० लाखांचे आहे, हे काहींना तो कागद पाहून उमगते. असे लोक त्या दिवशी निघून जातात आणि पुढे ७० लाखांच्या घरासाठी आमच्याकडेच येतात.

छायाचित्रांविषयी थोडक्यात सांगतो. सकाळच्या उजेडात, वाळत घातलेले कपडे काढून, दारातून आत शिरणारा माणूस ज्या क्रमाने खोल्या पाहील त्याच क्रमाने आम्ही ती काढतो. भिंतीला ओल असेल तर तिचेही छायाचित्र देतो. पश्चिमेकडे तोंड असलेले घर एप्रिलमध्ये सकाळी दाखवण्याची चतुराई आम्ही करत नाही, कारण आमच्या भागातला चोखंदळ खरेदीदार दुपारी पुन्हा येऊन पाहतोच. ‘मेट्रोजवळ’ असेही आम्ही लिहीत नाही. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा सुरू झाल्यापासून या परिसरातील प्रत्येक घर जाहिरातीत मेट्रोजवळच आहे. आम्ही चालत जाऊन अंतर मीटरमध्ये देतो. पाणी किती वाजता येते आणि पार्किंग सोसायटीने लेखी दिले आहे की केवळ वहिवाटीने आहे, हेही लिहितो.

पुनर्विकासाच्या आशेवर घरे विकणे हा आमच्या भागातला मोठा मोह आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि विकसकाशी झालेला करार असेल तर त्याच्या प्रती दाखवाव्यात. नसेल तर त्या शब्दाचा उल्लेख करू नये. जिन्यात झालेल्या गप्पांवर चौरस फुटाचा भाव वाढवून मागणारे मालक आम्ही नम्रपणे परत पाठवतो.

एकच घर दहा दलालांनी दहा भावांनी टाकले की खरेदीदाराला त्यात काहीतरी गोम असल्याचा संशय येतो. त्यामुळे ठरावीक मुदतीपुरते घर फक्त आमच्याकडे असावे, अशी आमची अट असते. त्या मुदतीत पहिली जाहिरात पोर्टलवर जात नाही. ती त्याच सोसायटीच्या सभासदांकडे जाते. आई-वडिलांना जवळ आणू पाहणारा मुलगा किंवा भाड्याने राहणारे कुटुंब त्याच आवारात असते आणि त्यांना इमारतीची ओळख करून द्यावी लागत नाही. पितृपंधरवड्यात चौकशी जवळजवळ थांबते. ते दिवस आम्ही मोजमाप, छायाचित्रे आणि फाइलींना देतो, म्हणजे दसऱ्याला सगळे तयार असते.

अलीकडे आमच्याकडे येणारे बरेच मालक अमेरिकेत किंवा युरोपात असतात. आई-वडिलांच्या पश्चात रिकामे पडलेले घर त्यांना विकायचे असते. खरेदीदारासाठी अशा घराची चित्रफीत करणे सोपे आहे, पण मालक अनिवासी असेल तर करकपातीचे नियम वेगळे आणि दर जास्त असतात, वारस दोन-तीन असतील तर सर्वांची संमती लागते आणि परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र रीतसर प्रमाणित होऊन भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. म्हणून तिकडून पहिला फोन आला आणि समोरच्याने ‘काका, किती येतील?’ असे विचारले की आम्ही आधी वारसांची नावे लिहून घेतो, मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवतो आणि भावाचे बोलणे तो मसुदा परत येईपर्यंत पुढे ढकलतो.