गाडीच्या एसीतला व्हॉल्यूम कंट्रोल

मे महिन्यात माझ्या दुकानात कूलरशिवाय दुसरं काही येत नाही. कुणाचा पंप जळालेला, कुणाच्या मोटरचं बेअरिंग वाजतंय, कुणाचा कपॅसिटर फुगलेला. अकोल्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की माणसं कूलर डोक्यावर घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतात. १९८६ साली आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होऊन बाहेर पडलो तेव्हापासून बोर्डावर 'रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे. टेप संपले, रेडिओ वर्षाकाठी दोन-चार येतात. बोर्ड तोच ठेवलाय, रंगवायचे पैसे वाचतात.

दोन दुकानं सोडून कार एसीवाल्या उस्तादांचं गॅरेज आहे. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी ते घाम पुसत आले. "काका, दोन मिनिटं चालता का? एसीचं मायं काम झालं, आता हे तुमच्या लाइनीचं दिसून राह्यलं."

मी म्हटलं, "उस्ताद, मी गाडीचं काय पाहणार? मला स्टेपनी बदलता येत नाही."

"गाडीचं नाई पाहाचं. मोटर पाहाची हाय. एवढीशी."

गॅरेजच्या शेडमध्ये एक दहा वर्षं जुनी सेदान उभी होती, बॉनेट वर, चारही दारं उघडी. मालक म्हणजे आमच्याच भागातले एक सर, शाळेतून निवृत्त झालेले. तक्रार अशी की एसी लावला तर उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडावर, थंडगार हवा आणि डाव्या बाजूला गरम. कोमट नाही, चांगली गरम. उस्तादांनी दोन्हीकडच्या जाळीत थर्मामीटर खोचून दाखवला. उजवीकडे ९ अंश, डावीकडे ४१. एकाच गाडीत, एकाच डॅशबोर्डमध्ये, दीड हाताच्या अंतरावर.

सरांनी याआधी एका ठिकाणी दोनदा गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळेला दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, तर तिथं सांगितलं की पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, पार्ट मागवावा लागेल, तीन आठवडे धरा. खर्चाचा आकडा सरांनी मला दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना आईला डोळे दाखवायला नागपूरला न्यायचं होतं. आईचे गुडघे दुमडत नाहीत म्हणून ती पुढच्या डाव्या सीटवरच बसते. अडीचशे किलोमीटर, मे महिना आणि तोंडावर ४१ अंशांची हवा.

"उस्ताद, गॅस?"

"गॅस बरोबर हाय. लोले पन्नास, हायले तीनशेच्या खाली. या उन्हात आणखी काय पाह्यजे?" लो-हाय म्हणजे गॅसच्या दाबाचे आकडे. मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. इंजिनमधून केबिनकडे जाणारे दोन रबरी पाइप असतात, हीटरचे. त्यातला एक त्यांनी चिमट्यानं दाबून बंद केला. पाच-सात मिनिटांत डाव्या जाळीचा आकडा ४१ वरून २० च्या खाली आला. चिमटा सोडला की परत वर.

आता हे मला नवीन होतं. मला वाटायचं की गाडीचा एसी म्हणजे गार हवा आणि हीटर म्हणजे गरम हवा, दोन वेगळ्या वस्तू. तसं नसतं. ब्लोअरची हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाऊन गार होते. पुढे एक फळी असते, उस्ताद तिला फ्लॅप म्हणतात. ती ठरवते की यातली किती हवा हीटरच्या कॉइलवरून न्यायची आणि किती तशीच सोडायची. आपण कढत पाण्यात विसण घालतो ना, तसंच, फक्त उलट. गारात गरम मिसळायचं. महागड्या गाड्यांत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन फ्लॅप असतात, आणि प्रत्येकीला फिरवायला एकेक छोटी मोटर. साध्या गाडीत हेच काम बटणापासून निघालेली तार करते. ती बरी, असं उस्तादांचं मत. तार तुटली तर दिसते तरी.

म्हणजे गॅस ठीक, कॉइल ठीक. डावी फ्लॅप जागेवर येत नव्हती. दोनदा भरलेल्या गॅसचे पैसे गेले ते गेलेच.

"याचा सोपा इलाज मायाजवळ हाय," उस्ताद म्हणाले. "हीटरचे दोन्ही पाइप एकमेकाले जोडून टाकतो. बायपास. अकोल्यात हीटर कोणाले लागते?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. सरांना नाही पटलं. म्हणाले, "पावसाळ्यात काच आतून धुरकटते, तेव्हा गरम हवा लागते मला. आणि डिसेंबरात आम्ही चिखलदऱ्याला जातो." मास्तर माणूस, पेपर तपासताना अर्धा गुण सोडत नाही.

मग मोटर काढायची ठरली. डॅशबोर्ड न उतरवता. ग्लोव्ह बॉक्स काढला, खालचं कव्हर काढलं, आणि उस्तादांचा हेल्पर पोरगा सीटवर पाठ टेकून, पाय दाराबाहेर सोडून आत घुसला. त्याचा हात बारीक, म्हणून त्यालाच पाठवतात. तीन स्क्रू. दोन दिसणारे दहा मिनिटांत निघाले. तिसरा मागच्या अंगाला, नुसत्या बोटांनी चाचपून शोधायचा. आखूड स्क्रूड्रायव्हरनं पाव-पाव फेरा करत तो काढायला पोरानं पाऊण तास घेतला, आणि निघाल्याबरोबर स्क्रू कार्पेटखाली पडला. तो शोधायला आणखी पंधरा मिनिटं.

मोटर निघाल्यावर उस्तादांनी आधी फ्लॅपचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. इकडून तिकडे मोकळा. हे पाहावंच लागतं म्हणे, कारण कधी कधी आत कडुलिंबाची पानं किंवा पेनाचं टोपण अडकलेलं असतं आणि बिचाऱ्या मोटरला दोष लागतो.

मग ती काळी डबी माझ्या टेबलावर आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका अंगाला पाच पिना.

पाच पिना पाहून मी जरा सैलावलो. साध्या मोटरला दोन पुरतात. उरलेल्या तीन म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या कुठल्याही रेडिओवाल्याला झोपेतून उठवून विचारा. मीटर लावला. दोन पिनांमध्ये पंचवीस-तीस ओहम, ती मोटर. बाकी तिघींमध्ये दोन टोकांना साडेचार हजार ओहम, आणि मधली पिन या दोघींच्या दरम्यान कुठेतरी. हा सरळ सरळ व्हॉल्यूम कंट्रोल! रेडिओत आपण बटण फिरवतो आणि आवाज बदलतो. इथे मोटर फ्लॅप फिरवते, तिच्याबरोबर हा फिरतो, याचे ओहम बदलतात, आणि एसीच्या कंट्रोलरला कळतं की फ्लॅप आत्ता कुठे आहे.

मोटरच्या दोन पिनांची जोडी ओळखल्याशिवाय बॅटरी लावू नका. मोटरऐवजी त्या तीन पिनांवर बारा व्होल्ट गेले तर या व्हॉल्यूम कंट्रोलमधला कार्बनचा पट्टा जळू शकतो. मी तर बारा व्होल्टही वापरले नाहीत. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरच्या दोन पिनांना लावली, दांडा छान फिरला. उलटी लावली, उलटा फिरला. उस्तादांचा चेहरा पडला. "मंग मोटर त चांगली हाय."

"मोटर चांगलीच आहे. थांबा."

डिजिटल मीटर बाजूला ठेवला आणि खणातून माझा मोटवानेचा काट्याचा मीटर काढला. डिजिटलचा आकडा सावकाश बदलतो, मध्ये क्षणभर काही तुटलं तर गाळून टाकतो. काटा काही लपवत नाही. एक प्रोब मधल्या पिनेवर, एक टोकाच्या, आणि बॅटरीनं मोटर हळूहळू फिरवली. काटा सरकतोय, सरकतोय, सुतासारखा. आणि शेवटच्या टोकाशी आला तसा फटकन पडला. परत उठला. थरथरला. परत पडला.

उस्तादांना म्हटलं, "जुना रेडिओ आठवतो? बटण एका ठरावीक जागी आलं की खरखर व्हायची, आवाज जायचा, टिचकी मारली की परत यायचा?"

"हाव ना. आमच्या अब्बाचा होता."

"तेच आहे हे."

डबीच्या क्लिपा उचकटल्या. आत जाण्याआधी मोबाइलवर फोटो काढला, वयाचा दोष. छोटी मोटर, तिच्यावर पेचाचा गिअर, मग तीन प्लास्टिकचे गिअर, आणि शेवटच्या मोठ्या गिअरच्या पोटाला पितळी रंगाची चार बारीक बोटं. ती बोटं खालच्या पट्टीवरच्या काळ्या कार्बनवर घासत फिरतात. गिअरचे दात सगळे शाबूत होते. भिंगातून पट्टी पाहिली. जवळजवळ सगळी काळी कुळकुळीत, आणि एका टोकाला चार पांढुरके चरे. तिथला कार्बन झिजून खालचं प्लास्टिक दिसत होतं.

ते टोक कुठलं, तर पूर्ण गारचं.

इथे मला हसू आलं. दहा वर्षं ही गाडी अकोल्यात फिरली. दहा वर्षं सरांनी बहुतेक वेळ एसी पूर्ण गारवर ठेवला, दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? ती चार बोटं त्याच एका जागेवर उभी, खाली रस्त्याचे धक्के, आणि तीच जागा घासली गेली. उरलेला पट्टा कोरा. गरमकडची बाजू तर कंपनीतून आल्यासारखी. हीच गाडी थंड मुलखात असती तर बहुधा दुसरंच टोक गेलं असतं.

बोट चऱ्यावर गेलं की संपर्क तुटायचा आणि कंट्रोलरला भलताच आकडा जायचा. त्याला वाटायचं फ्लॅप गारच्याही पलीकडे गेली, म्हणून तो ती मागे, गरमकडे ओढायचा. मागे आली की कोरा पट्टा लागायचा, खरा आकडा कळायचा, की परत गारकडे. परत चरा. सर म्हणाले, "डॅशबोर्डमधून सारखं घुर्र, थांब, घुर्र असं यायचं, मला वाटलं उंदीर." अशा चार-पाच खेपा झाल्या की कंट्रोलर नाद सोडायचा, आणि फ्लॅप जिथं असेल तिथं राहायची. म्हणूनच कधी दोन दिवस बरं वाटायचं.

उपाय जुनाच. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, सुती कापडानं पुसली. पूर्वी आम्ही अशा झिजलेल्या जागेवर पेन्सिलीचं शिसं घासायचो. गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत टिकायचं, फार तर दिवाळीपर्यंत. ते इथे करायचं नव्हतं. पट्टा बोटांपेक्षा रुंद होता, म्हणून बोटंच केसभर बाजूला वाकवायची, म्हणजे ती चऱ्याशेजारच्या कोऱ्या कार्बनवरून चालतील. चिमट्यानं पहिलं बोट वाकवलं. दुसरं. तिसरं वाकवताना टिक असा आवाज आला आणि ते तुटून टेबलावर पडलं.

दुकानात कुणी काही बोललं नाही. सर माझ्याकडे नाही, त्या तुकड्याकडे पाहत होते. चाळीस वर्षांच्या जवळपास हाच धंदा केला आणि हात नेमका तिथं घाईला आला. मी उठलो, माठातलं पाणी प्यालो, चष्मा पुसला आणि परत बसलो. चौथं बोट वाकवायला मुद्दाम पाच मिनिटं घेतली. चारातली तीन राहिली. एवढ्यासाठीच तर कंपनीवाले एकाच्या जागी चार देतात, असं मी सरांना सांगितलं. खरं कारण तेच आहे, पण तेव्हा मी ते स्वतःलाच ऐकवत होतो.

गिअरला नवं सिलिकॉन ग्रीस लावलं, पट्टीला लागू न देता. डबी बंद. काट्याचा मीटर परत लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा एकदाही दचकला नाही. वीस वेळा फिरवून पाहिलं.

बसवताना दांडा फ्लॅपच्या खाचेत बसेना, कारण मोटर एका कोनात आणि फ्लॅप दुसऱ्या. नऊ व्होल्टची बॅटरी तिथंच गाडीत नेऊन दांडा हळूहळू जुळवला. मागचा तिसरा स्क्रू पोरानं लावला की नाही, हे मी विचारलं नाही. मग उस्तादांनी गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढून दहा मिनिटं ठेवलं, जोडलं, चावी फिरवली आणि सगळ्यांना दटावलं, "कोणी बटणाले हात लावजो नका." आतून दोन्ही मोटरी एकदा पूर्ण इकडे, एकदा पूर्ण तिकडे गेल्याचा आवाज आला. टोकं कुठे आहेत ते कंट्रोलर नव्यानं शिकून घेतो.

इंजिन चालू. एसी पूर्ण गार. डाव्या जाळीतला थर्मामीटर ४३ पासून, म्हणजे शेडमधल्या हवेपासून, खाली यायला लागला. ३०. २२. १५. १२ वर बराच वेळ अडकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग १०. उजवीकडे ९ होता. उस्ताद म्हणाले एक अंशाचं एवढं मनावर घेऊ नका.

सरांना मी तीनशे रुपये सांगितले. त्यांनी पाचशे दिले आणि उजवी मोटर पण उघडून बघता का म्हणाले. तीही दहा वर्षं पूर्ण गारवरच होती, विचार बरोबर होता. पण ती ड्रायव्हरच्या पायांशी, पेडलच्या वर, आणि संध्याकाळचे साडेसहा झालेले. पावसाळ्यात आणा म्हटलं. अजून आणलेली नाही. डावी मात्र यंदाचा उन्हाळाही चालली, तीन बोटांवर.

उस्तादांना आता नाद लागलाय. पंधरा-वीस दिवसांनी ते पिशवीत तीन मोटरी घेऊन आले. एक पुसून चालू झाली. एकीची मोटरच जळलेली. तिसरी गाडीत टक-टक वाजायची म्हणे. उघडली तर मधल्या गिअरचे चार दात गळून ग्रीसमध्ये पडलेले. तसला गिअर सुटा मिळत नाही, आणि दात चिकटवून दोन दिवसांवर टिकत नाही, ते मी करून पाहिलं. ती डबी अजून माझ्या खणात आहे. टेपरेकॉर्डरचे जुने गिअर ठेवलेत त्याच डब्यात, एखादा जुळतो का ते पाहत असतो.