शुगरसाठी वरून काय घेता?

मला मधुमेह आहे हे कळलं की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो: "डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतीलच, पण वरून काय घेता?" वरून म्हणजे क्रोमियम, दालचिनीच्या कॅप्सूल, मेथीचं चूर्ण, कसला तरी अर्क. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. मी वरून एकच गोष्ट घेते, बी१२ जीवनसत्त्व. आणि तीसुद्धा शुगर उतरावी म्हणून नाही.

मला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. पहिल्यापासून मेटफॉर्मिन ही शुगर उतरवणारी गोळी चालू आहे. सातव्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एका संध्याकाळी जिना चढून वर आले आणि खाली पाहिलं, तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. ती तीन पायऱ्या खाली पडलेली. पायातून कधी निसटली, मला समजलंच नव्हतं. शुगरने आता नसा धरल्या, असंच मी मनाशी पक्कं केलं आणि त्या रात्री खूप घाबरले. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा बी१२ फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यात बी१२ कमी शोषलं जातं, आणि मांस, अंडी, दूध यातलं काहीच फारसं न खाणाऱ्यांकडे त्याचा साठा मुळात बेताचाच असतो. त्याच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, मधुमेहाने नसा बिघडल्यावर येतो तसाच. दोन्हींतला फरक वरवर पाहून कळत नाही. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या असं झालं आणि काही महिन्यांत मुंग्या पुष्कळ ओसरल्या. सात वर्षांत ही तपासणी कुणी सुचवली नव्हती, मीही विचारलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी 'पूरक' हा शब्द शब्दशः घेते. जे उणं आहे ते भरायचं. उणं नसेल तर भरणार काय? ड जीवनसत्त्वाचंच बघा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले २,४२३ जण होते. काहींना रोज ४,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी निव्वळ नावाची गोळी. पुढे मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. कमतरता असेल तर ड जरूर घ्यावं, हाडांना ते लागतंच.

दालचिनी, क्रोमियम यांवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या भरवशावर औषध सोडावं असा पुरावा नाही. कॅसिया जातीच्या दालचिनीत कुमारिन असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकतं. मला खरी भीती वाटते ती 'पूर्ण नैसर्गिक' लिहिलेल्या डब्यांची. अशा काही उत्पादनांत शुगर उतरवणारी औषधं लपवून मिसळलेली असल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला आढळलं आहे. आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची शुगर अशाने एकदम ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात कापतात, शुद्धही हरपते.

मग शुगर उतरते कशाने? माझ्यापुरतं उत्तर माझ्या ग्लुकोमीटरने दिलं. एक दिवस भात आधी खाल्ला, भाजी-डाळ नंतर. दुसऱ्या दिवशी तेच ताट, तेवढंच माप, पण भाजी आणि डाळ आधी, भात शेवटी. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून एक तासाने बोट टोचलं. पहिल्या दिवशी २१४, दुसऱ्या दिवशी १६८. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर हळू रिकामं होतं, साखर रक्तात सावकाश उतरते. एका माणसाचे दोन आकडे म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण तज्ज्ञांच्या छोट्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे. शिवाय जेवल्यावर पंधरा मिनिटं चालले तर आकडा आणखी खाली येतो, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहताही साखर ओढून घेतो.

२००२ च्या एका गाजलेल्या अमेरिकी चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि थोडी वजनघट यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. टाइप १ चं मात्र वेगळं आहे. तिथे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून कुठल्याही चूर्णासाठी इन्सुलिन थांबवणं म्हणजे जिवाशी गाठ.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, कॅप्सूल एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर एचबीए१सीच्या (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीच्या) जोडीला बी१२ तपासायचं का, हेही विचारा. मी आता दरवर्षी दोन्ही तपासते.