देवस्थानाच्या मेलवरून कॅसिनोची जाहिरात

2025 चं नवरात्र आठवड्यावर आलं होतं. एका देवस्थानाच्या व्यवस्थापकांचा सकाळीच फोन. "अहो सर, भक्तनिवासाच्या बुकिंगचे मेल कुणालाच जाईनात. लोक गाड्या ठरवून बसलेत आणि खोली मिळाली का नाही तेच त्यांना कळंना." त्यांचा मेल सर्व्हर आमची कंपनी सांभाळते, त्यामुळे लगेच बसलो.

बाहेर जायच्या मेलची रांग उघडली तर हजारो मेल तुंबलेले. जीमेल 421 चा कोड देऊन 'नंतर या' म्हणत होतं, बाकीचे सरळ नाकारत होते. बरेचसे पत्ते ब्रिटनमधले. डोंगरावरच्या देवीच्या भक्तनिवासाला ब्रिटनमधून एवढी मागणी येणं शक्यच नव्हतं. पासवर्ड फुटला असेल असं आधी वाटलं, पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, बाहेरचं एकही लॉगिन नव्हतं. मेल पाठवत होती ती वेबसाइट स्वतःच.

एक मेल उघडला. वर देवीचा फोटो, खाली मजकूर: "सप्रेम नमस्कार, 250 फ्री स्पिन मोफत, गॅमस्टॉपमध्ये नसलेला कॅसिनो, येथे क्लिक करा. आपला खोलीसाठीचा अर्ज मिळाला. देवीची कृपा आपणावर राहो." त्यातली जाहिरात इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. वाचून अंगावर काटा आला.

युक्ती साधी आहे. बुकिंगच्या फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल भरलं की पोच आपोआप जाते. कुणीतरी प्रोग्राम लावून नावाच्या रकान्यात जाहिरात आणि लिंक भरत होतं, ईमेलच्या रकान्यात ज्याला गाठायचं त्याचा पत्ता. पोच आमच्याच सर्व्हरवरून निघते, म्हणून मेल खरंच त्याच संस्थेचा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही तपासण्यांत ती खरी ठरते. वर्षानुवर्षांची देवस्थानाची पत फुकट वापरून जाहिरात थेट इनबॉक्समध्ये. मग लोक 'स्पॅम'चं बटण दाबतात आणि ती पत बुडते. जीमेलने 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या आत ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे त्या सकाळी ते कुठल्या कुठे गेलं असणार.

फॉर्म बंद केला, रांगेतले ते मेल पुसले. पत सावरायला दिवस लागतात, म्हणून व्यवस्थापकांना म्हटलं, "काका, बुकिंगवाल्यांना फोन करायला घ्या, मेलच्या भरवशावर राहू नका." कार्यालयातली माणसं संध्याकाळपर्यंत फोन करत होती. विश्वस्तांना वेगळीच धास्ती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्टमध्येच झालेला, आणि त्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड. "आपल्यावर येईल का हो हे?" लॉग जपून ठेवले आणि सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार देवस्थानाच्या नावानेच करायला लावली.

दुपारी काकांनी देवस्थानाच्या इनबॉक्समध्ये आलेली उत्तरं पुढे पाठवली. बहुतेक शिव्याच होत्या. एक मात्र वेगळं. त्या माणसाने लिहिलं होतं, की मी जुगार सोडलाय, गॅमस्टॉपवर स्वतःचं नाव घातलंय, तरी रोज असे मेल येतात, कृपा करून मला यादीतून काढा.

ते वाचल्यावर नुसता फॉर्म दुरुस्त करून गप्प बसणं मला जमेना. गॅमस्टॉप ही ब्रिटनमधली सोय. एकदा नाव घातलं की तिथल्या परवानाधारक साइट त्या माणसाला खेळू देत नाहीत. 2020 पासून त्यांना ते बंधनकारक आहे. परदेशात परवाना घेतलेल्या कॅसिनोंना ते लागू नाही, आणि 'गॅमस्टॉपमध्ये नसलेला' ही जाहिरात नेमकी कुणासाठी असते? ज्याने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं, त्याच्यासाठी. इतरांना त्या शब्दाचं काय पडलंय!

वेगळ्या मशीनवर लिंकचा माग काढला. आधी लिंक लहान करणारी सेवा, मग क्लिक मोजणारा एक पत्ता, शेवटी कॅसिनोचं पान आणि पत्त्यात अफिलिएटचा, म्हणजे खेळाडू आणून देणाऱ्या दलालाचा, क्रमांक. हा क्रमांक गाळून चालत नाही, कारण कमिशन त्याच्यावरच जमा होतं. खेळणारा जेवढं हरेल त्याचा वाटा, साधारण 25 ते 40 टक्के, त्या अफिलिएटला. म्हणजे सुटू पाहणारा माणूस परत फसला तर याची मिळकत, आणि तो जितका खोल जाईल तितकी ती वाढणार. याला मी धंदा म्हणणार नाही.

त्या माणसाला उत्तर लिहिलं. मेल आमच्याकडून कसे गेले, आता ते बंद झालेत, हे सांगितलं. गॅमबॅनसारखं सॉफ्टवेअर फोनवर टाकलं तर परदेशी कॅसिनोंच्या साइटही अडतात आणि तिकडच्या बऱ्याच बँका जुगाराचे व्यवहार विनंतीवरून रोखतात, हेही लिहिलं.

लिंक लहान करणाऱ्यांकडे आणि कॅसिनोकडे तक्रार केली. लिंकवाल्यांनी ती त्याच रात्री बंद केली. कॅसिनोच्या अफिलिएट विभागाचं उत्तर मोठं अदबशीर होतं: ज्यांना मेल गेले त्यांचे पत्ते पाठवा, आम्ही यादीतून काढू. मी साफ नकार दिला. एवढ्या माणसांचे पत्ते त्यांच्याच हाती कोण देईल! पत्ते झाकून फक्त हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदी, आणि तो क्रमांक पाठवला. मग त्यांनी कळवलं, की त्या अफिलिएटचं खातं बंद केलंय. मी विचारलं, त्या खात्यावर साठलेलं कमिशन अडवलं की देऊन टाकलं? आणि त्याने आणलेल्या खेळाडूंचं काय केलं? यावर उत्तर आलं नाही. तेच दोन प्रश्न पुराव्यांसह त्यांना परवाना देणाऱ्या, कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाच्या प्राधिकरणाकडे पाठवलेत.

बुकिंगची पोच आता नावाशिवाय जाते, नुसता 'सप्रेम नमस्कार'.