तुम्ही विचारलंत म्हणून: वही एकच
घरी येणारी बहुतेक माणसं एकदा तरी हे विचारतातच. बाहेरच्या खोलीत अर्ध्यावर सोडलेला चित्रपट आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर नेमका त्याच प्रसंगापासून कसा सुरू होतो? तीन कॉम्प्युटरांना एकमेकांचं कळतं कसं?

खरं तर त्यांना एकमेकांचं काहीच कळत नाही. तिघेही एकाच वहीत लिहितात आणि त्याच वहीतून वाचतात. मला हे सुचायला बरेच महिने गेले, कारण सुरुवातीला मी तीन वह्या ठेवून त्या जुळवत बसलो होतो.

मी घरी कोडी वापरतो. साठवलेले चित्रपट आणि मालिका लावणारा हा प्रोग्राम मुळात एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रासाठी तयार झाला, त्याचं कोडी हे नाव २०१४ मधलं. काय पाहिलं, किती वेळा पाहिलं, कुठे थांबलो, हे सगळं तो एका डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, हीच ती वही. एरवी हा डेटाबेस म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरची एसक्यूलाइटची (सगळा डेटाबेस एकाच फाइलीत ठेवणाऱ्या प्रोग्रामची) एक फाइल असते. मला वाटलं, फाइलच आहे ना, मग फोल्डर जुळवणाऱ्या प्रोग्रामला सांगून ती तिन्हीकडे सारखी ठेवू. दोन-चार दिवस छान चाललं. मग एका संध्याकाळी दोन खोल्यांत एकाच वेळी दोघं पाहत बसले आणि एका फाइलच्या दोन झाल्या. प्रोग्रामने एक ठेवली, दुसरी ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणून बाजूला टाकली. त्या बाजूला पडलेल्या फाइलीत आईने आठवडाभर पाहिलेले भाग होते.

आईचं सांगायलाच हवं, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच सुरू झाला. ती दुपारी मालिका पाहते, मी रात्री. तिला मेनूंमधून वाट काढणं आवडत नाही. पडद्यावर बरोबरची खूण दिसली की तो भाग झाला, नाही दिसली की तो लावायचा, इतकं तिला पुरतं. ती खूण खोटी निघाली तर तिच्या दृष्टीने आख्खं यंत्र खोटं पडतं, आणि तिचं म्हणणं मला पटतं.

ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिन्ही कॉम्प्युटरांना तीच का उघडू द्यायची नाही, असंही विचारतात. एसक्यूलाइट बनवणारेच याबद्दल सावध करतात. एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवायचं तर फाइलला कुलूप लागावं लागतं, आणि नेटवर्कवर त्या कुलपाचा भरवसा धरता येत नाही. डेटाबेस कायमचा बिघडू शकतो.

म्हणून दिवसभर चालू असणाऱ्या एका मशीनवर मारियाडीबी बसवलं. हा डेटाबेस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून अनेक कॉम्प्युटरांना एकाच डेटाबेसमध्ये लिहू देणारा प्रोग्राम. कोडीच्या युजरडेटा फोल्डरमध्ये ‘ॲडव्हान्स्डसेटिंग्ज’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवायची, तिच्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, नाव आणि पासवर्ड लिहायचा, आणि तीच फाइल तिन्ही कॉम्प्युटरांवर टाकायची. काम अर्ध्या तासाचं. पण त्याआधी एक गोष्ट विसरू नका. कोडी नव्या डेटाबेसकडे वळला की तिथे जुनी एकही नोंद नसते. आधी लायब्ररी, म्हणजे कोडीतली चित्रपट-मालिकांची यादी, एक्स्पोर्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक व्हिडिओशेजारी एक छोटी एनएफओ फाइल तयार होते आणि किती वेळा पाहिलं तेही तिच्यात उतरतं. नंतर त्याच ॲडव्हान्स्डसेटिंग्जमध्ये पाहिल्याच्या नोंदी आणि थांबल्याची जागा इम्पोर्ट करायला सांगता येतं.

सर्वात जास्त लोक अडतात ते पाथवर, म्हणजे फाइल कुठे ठेवली आहे त्या पत्त्यावर. कोडीच्या लेखी एखादा व्हिडिओ म्हणजे त्याचा पाथ आणि फाइलीचं नाव, बस्स. एका कॉम्प्युटरवर तो डी ड्राइव्हमधून लावला आणि दुसऱ्यावर एसएमबी शेअरमधून (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून), तर डेटाबेसमध्ये ते दोन वेगळे चित्रपट झाले. इतकंच काय, एकीकडे सर्व्हरचं नाव आणि दुसरीकडे त्याचा आयपी पत्ता लिहिलात तरी दोनच. ज्या मशीनमध्ये डिस्क बसवलेली आहे, त्या मशीननेही नेटवर्कवरून फिरून स्वतःच्याच डिस्ककडे यायचं. हे विचित्र वाटतं, म्हणून लोक तेवढं एक सोडून देतात आणि मग मला फोन करतात.

दुसरी अडचण आवृत्तीची. डेटाबेसच्या नावापुढे क्रमांक असतो: कोडी २० चा १२१, कोडी २१ चा १३१. एका कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती घातली की ती जुन्या डेटाबेसची नक्कल करून नव्या क्रमांकाचा डेटाबेस उभारते आणि तिथे लिहू लागते. बाकीचे दोघे जुन्यातच लिहीत राहतात. कुठलाही एरर दिसत नाही. माझ्याकडे हे तीन आठवडे चाललं होतं आणि लक्षात आलं तोवर पुन्हा दोन वह्या झाल्या होत्या. तेव्हापासून अपडेट तिन्हीकडे एकाच दिवशी करतो, आणि त्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवतो.

काही तक्रारी मात्र बिघाडाच्या नसतात. दोन तासांच्या चित्रपटाची शेवटची दहा मिनिटं राहिली असताना बंद केलं तरी ‘पाहिलं’ अशी खूण येते, कारण ९० टक्के झालं की कोडी तो पाहिला असंच धरतो. आणि पहिल्या १८० सेकंदांत थांबलात तर थांबल्याची जागा तो लिहूनच ठेवत नाही. दोन्ही आकडे बदलता येतात. आतल्या खोलीत खूण दिसत नसेल तर यादीतून बाहेर पडून पुन्हा आत जा. उघडी असलेली यादी आपणहून ताजी होईलच असं नाही.

इतकं सगळं जमल्यावर मला वाटलं, संपलं. मग आईने विचारलं, “मी न पाहिलेल्या भागांवर खुणा कशा?” रात्री मी पुढचे भाग पाहिले होते. वही एक झाली होती, पण पाहणारे दोघं होतो. ही चूक मला इतर सगळ्या चुकांपेक्षा जास्त लागली. नोंद मशीनची नव्हे, माणसाची असायला हवी, हे तेव्हा कळलं.

कोडीमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल करून त्याला वेगळा डेटाबेस देता येतो, पण दर वेळी प्रोफाइल बदलायचं म्हणजे आईला पुन्हा मेनू आला. म्हणून मी जेलीफिनकडे वळलो. चित्रपट-मालिका एका जागेवरून सगळ्या पडद्यांना पुरवणारा हा सर्व्हर एम्बी नावाच्या तशाच सर्व्हरपासून २०१८ च्या डिसेंबरमध्ये वेगळा झाला, आणि तो प्रत्येक युजरची नोंद स्वतंत्र ठेवतो. दुपारचा कॉम्प्युटर कायम आईच्या खात्यात उघडतो, माझा माझ्या. पाथची आणि डेटाबेसच्या क्रमांकांची कटकटही गेली, कारण डेटाबेसमध्ये आता फक्त सर्व्हर लिहितो. आज कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर मी सरळ हेच सुचवतो. मारियाडीबीचा रस्ता मात्र एकटा माणूस अनेक पडदे वापरत असेल तर अजूनही उत्तम आहे.

रविवारी आम्ही दोघं एकत्र पाहतो, तेव्हा काय करायचं याला यंत्राकडे चांगलं उत्तर नाही. त्या दिवशी आईच्या खात्यातून लावतो, आणि ती झोपल्यावर माझ्या खात्यात जाऊन तेवढ्या भागांवर हाताने खूण करतो.